पांढरे फूल जागेवरच राहू द्या

कुंपणावरच्या गोकर्णीला निळी फुले येतात, शेजारच्या एखाद्या वेलीला पांढरी येतात. दोन्ही आपण सारख्याच मनाने देवाला वाहतो. रानात मात्र हाच प्रकार दिसला की आपले वागणे बदलते. पांढऱ्या पळसाचा ठावठिकाणा लागला की त्या झाडाभोवती नवसांची आणि गुप्तधनाच्या गोष्टींची गर्दी होते. श्वेत मांदाराचे मूळ खणून त्यात गणपती शोधला जातो. पांढरी गुंज डबीत जपून ठेवतात. नेहमीच्या रंगाची हजार झाडे असली तरी त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण रंग नसलेले एक सापडले की त्याला हात लावल्याशिवाय राहवत नाही. ऑर्किडच्या, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात आमरीच्या, जगात हीच ओढ रोख पैशांत मोजली जाते. जांभळ्या फुलांच्या जातीतले एखादे पांढरे झाड सापडले की त्याची किंमत त्याच्या भावंडांच्या कितीतरी पट होते, आणि किंमत ठरली की ते झाड रानात फार दिवस राहत नाही. या लेखाचे म्हणणे साधे आहे. रंगीत ऑर्किडांमध्ये उगवलेले पांढरे फूल हा चमत्कार नाही आणि दोषही नाही. रंग घडवण्याच्या कामातला एक टप्पा तिथे थांबलेला असतो, इतकेच. त्या फुलाचे खरे मोल आजूबाजूला उभ्या असलेल्या रंगीत फुलांच्या संगतीत आहे. तिथून उपटले की हातात उरतो तो कुंडीतला एक नग. म्हणून ते फूल जागेवर राहू द्यावे, आणि घरी हवेच असेल तर रोपवाटिकेतून आणावे. हे केवळ भावनेचे बोलणे नाही, त्यामागे भक्कम पुरावा आहे.

आधी रंग कसा घडतो ते पाहू. फुलाचा रंग पाकळीवर वरून फासलेला नसतो, तो पेशींच्या आत तयार झालेला असतो. ऑर्किडच्या फुलात मुख्यतः तीन प्रकारची रंगद्रव्ये काम करतात. हिरवा रंग हरितद्रव्याचा. पिवळा आणि नारिंगी बहुतेक वेळा कॅरोटिनॉइडांचा, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या कुळातला. गुलाबी, लाल, जांभळा हा अँथोसायनिनांचा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी करणारे द्रव्य याच कुळातले. अँथोसायनिन पेशीतल्या रिक्तिकेत, पाण्यात विरघळलेले असते. ते एका दमात तयार होत नाही. एक विकर एक बदल करते, दुसरे पुढचा, तिसरे त्यापुढचा, अशी पायऱ्यांची रांग असते, आणि प्रत्येक विकरामागे एक जनुक असते. या सगळ्यांवर देखरेख करणारी आणखी काही जनुके असतात. पाकळी पूर्ण रंगवायची, की नुसत्या शिरा, की फक्त ठिपके, हे ती ठरवतात. या रांगेतली एक पायरी जरी निखळली तरी अँथोसायनिन तयार होत नाही. मग खाली जे असेल ते उघडे पडते. खाली काहीच नसेल तर फूल पांढरे, हरितद्रव्य असेल तर पोपटी, कॅरोटिनॉइड असेल तर पिवळे. म्हणूनच बागायतदारांचा 'अल्बा' हा शब्द फसवा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पांढरा, पण पॅफिओपेडिलम या बुटाच्या आकाराच्या ऑर्किडांतली अनेक 'अल्बा' फुले स्वच्छ हिरवी किंवा पिवळी असतात. तिथे 'अल्बा' म्हणजे अँथोसायनिन नसलेले. जाणकार उत्पादक तर फुलाची वाट पाहतच नाहीत. ते रोपाची पाने बुडाशी बाजूला करून पाहतात. रंगीत फुलांच्या रोपात पानाच्या बुडाशी जांभळे ठिपके असतात, आणि अल्बाच्या रोपात ती जागा निव्वळ हिरवी असते. जो टप्पा फुलात थांबणार असतो, तो पानात आधीच थांबलेला दिसतो.

पण सगळी पांढरी फुले एकाच कारणाने पांढरी होतात असे समजणे चुकीचे आहे. बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिस या ऑर्किडांचे उदाहरण घ्या. त्यातल्या 'अमॅबिलिस' या पांढऱ्या जातीत रंगाची यंत्रणा मोडून पडलेली नाही, तिला सुरू करणारे नियंत्रक जनुक पाकळीत गप्प आहे. संशोधकांनी जांभळट जातीतली नियंत्रक जनुके या पांढऱ्या पाकळीच्या पेशींत सोडली, तेव्हा त्या पेशी जांभळ्या झाल्या. हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑन्सिडियम या पिवळ्याधमक ऑर्किडात गोष्ट याहून निराळी आहे. त्याच्या 'व्हाइट जेड' या पांढऱ्या प्रकारात पिवळी द्रव्ये तयार तर होतात, पण त्यांना तोडणारे विकर अधिक जोमाने काम करते आणि रंग टिकत नाही. एकीकडे चूलच पेटत नाही, दुसरीकडे शिजलेले लगेच संपते. ताटे मात्र दोन्हीकडे रिकामीच दिसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स हर्स्ट या इंग्लिश अभ्यासकाने ऑर्किडांच्या संकरांमधून एक कोडे सोडवले. दोन पांढरी झाडे एकत्र आणली तर काही जोड्यांची संतती जांभळी निघे. त्याच काळात बेटसन आणि पनेट या अभ्यासकांना वाटाण्याच्या कुळातल्या गोड वाटाण्यात, म्हणजे स्वीट पीमध्ये, हेच दिसले होते. एकात एक पायरी निखळलेली, दुसऱ्यात दुसरीच. मुलांना आईकडून एक चांगली पायरी मिळाली, बापाकडून दुसरी, आणि रांग पूर्ण झाली. रंग 'हरवला' असे आपण म्हणतो, पण तो बहुधा वाट अडल्याने थांबलेला असतो.

उलट बाजूचा पुरावाही आहे. फॅलेनॉप्सिसच्या 'गोल्डन पीओकर' या संकरात मोठमोठे गर्द डाग असलेली फुले अचानक आली आणि बाजारात त्यांना 'हार्लेक्विन' हे नाव पडले. २०१९ मध्ये तैवानच्या संशोधकांनी त्याचे कारण शोधले. जनुकसंचात जागा बदलत फिरणारा एक तुकडा रंगाच्या एका नियंत्रक जनुकाच्या तोंडाशी येऊन बसला होता, त्यामुळे ते जनुक भलतेच जोरात चालू लागले. म्हणजे रंग जाणे काय आणि रंगाचा पूर येणे काय, दोन्ही एकाच यंत्रणेतले फेरबदल आहेत. यात दैवी काही नाही आणि विकृतीही नाही. झाड पांढऱ्या फुलांचे असले तरी त्याची पाने हिरवी असतात, ते सूर्यप्रकाशावर जगते, वाढते, बी धरते. खरे निर्वर्ण झाड वेगळे, त्यात हरितद्रव्यच नसते. सेफॅलँथेरा या ऑर्किडात अशी पांढरीफटक झाडे सापडली आहेत आणि ती मुळांशी जोडलेल्या बुरशीकडून अन्न घेऊन जगतात. पांढऱ्या फुलाला 'अल्बिनो' म्हणताना हा फरक आपण पुसून टाकतो आणि एका धडधाकट झाडावर आजाराचा शिक्का मारतो. शब्द चुकला की वागणे चुकते. आजारी वाटले तर सोडवून न्यावेसे वाटते, चमत्कार वाटला तर लुटून न्यावेसे वाटते.

आता महत्त्वाचा प्रश्न. हा फरक फुलाच्या खऱ्या गिऱ्हाइकाला, म्हणजे कीटकाला, कसा दिसतो? मधमाशीला तांबडा रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. बहुतेक पांढरी फुले अतिनील किरण शोषून घेतात, कारण अँथोसायनिन नसले तरी त्याच रांगेतून निघालेली रंगहीन फ्लेव्होनॉल द्रव्ये पाकळीत असतात. त्यामुळे आपल्याला पांढरे दिसणारे फूल माशीला निळसर हिरवे दिसते. रंग नसलेले फूल हे केवळ माणसाच्या डोळ्यांचे मत आहे. माशीच्या दृष्टीने तो निराळ्या रंगाचा एक फलक आहे. आणि हे फलक लबाड असू शकतात. ऑर्किडांच्या जवळपास एक तृतीयांश जाती परागवाहकाला काहीच देत नाहीत, मधाचा नुसता आभास करतात. दोनतीनदा फसलेली माशी त्या रंगाची फुले टाळू लागते. अशा जातींमध्ये दुसऱ्या रंगाचे झाड आले तर काय होते, हे तपासण्यासाठी फ्रान्समध्ये डॅक्टिलोऱ्हायझा सँबुसिना या ऑर्किडावर प्रयोग झाला. या जातीची झाडे पिवळी आणि जांभळी अशा दोन रंगांत एकाच कुरणात उभी असतात. २००१ मध्ये गिगॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोन रंगांपैकी जो कमी संख्येने असेल, त्याला फायदा होतो. माशी एका रंगावर फसते आणि दुसऱ्याकडे वळते. दुसरा रंग विरळ असेल तर त्याच्या वाट्याला प्रत्येक झाडामागे जास्त भेटी येतात. विरळ असणे हीच तिथे ताकद ठरते.

याच धाग्यातला पुढचा पुरावा अधिक बोलका आहे. युरोपात ऑर्किस मॅस्क्युला नावाचे जांभळ्या फुलांचे ऑर्किड सर्रास दिसते. त्यात अधूनमधून एखादे पांढरे झाड असते. फ्रान्समधील संशोधकांनी जांभळ्या झाडांची फळधारणा मोजली, आणि जिथे पांढरे झाड शेजारी होते तिथे जांभळ्यांना कित्येक पट अधिक फळे धरली होती. पांढऱ्यांना स्वतःला काही विशेष लाभ झाला नव्हता. मग त्यांनी पांढऱ्या फुलांच्या जागी चक्क टेबल टेनिसचे पांढरे चेंडू काठीवर लावून ठेवले. तरीही जांभळ्या झाडांची फळे वाढली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष नीट डोळ्यांसमोर आणून पाहा. कुरणातला एक पांढरा ठिपका आजूबाजूच्या अख्ख्या समूहाची बीजधारणा वाढवतो. तो ठिपका कोणीतरी हौसेने पिशवीत घालून नेला, तर नुकसान एका झाडाचे होत नाही, उरलेल्या सगळ्या जांभळ्या झाडांचे होते. आल्प्समधील गिमनाडेनिया ऱ्हेलिकानी या ऑर्किडात तर काळसर, लाल आणि पांढरी अशी तिन्ही फुले एकाच उतारावर आढळतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की मधमाश्यांना गर्द फुले आवडतात, साध्या माश्यांना फिकट. मधल्या लाल फुलांकडे दोघीही येतात आणि त्यांना सर्वांत जास्त बिया धरतात. ही लाल फुले रंगाच्या एका नियंत्रक जनुकाची एक चांगली आणि एक मोडकी प्रत बाळगून असतात. मोडकी प्रत दोन्हीकडून आली की फूल पांढरे होते. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतो, त्याचीच अर्धी मात्रा त्या उतारावरच्या सर्वांत यशस्वी झाडांत आहे.

यावर आक्षेप येणार, आणि तो योग्य आहे. हे दाखले युरोपातल्या मोजक्या जातींचे आहेत. डॅक्टिलोऱ्हायझाच्या बाबतीतही पुढे नैसर्गिक कुरणांत केलेल्या काही अभ्यासांना विरळ रंगाचा तो फायदा आढळला नाही. शिवाय पांढरे झाड काही वेळा निव्वळ योगायोगाने उगवते, कीटकांच्या हिशेबात त्याचे काही स्थान नसते, आणि दोनचार पिढ्यांत ते आपोआप नाहीसेही होते. हे सर्व मान्य. प्रत्येक पांढरे फूल समूहाचे भले करते असा दावा कोणी करू नये. पण या अनिश्चिततेतून निष्कर्ष कोणता काढायचा, हा खरा प्रश्न आहे. रानातल्या एखाद्या पांढऱ्या झाडाकडे पाहून ते निरुपयोगी आहे की त्याच्यामुळे शेजारची पन्नास झाडे फळत आहेत, हे उपटणाऱ्याला कळणे शक्य नाही. ते कळायला अनेक हंगाम मोजणी करावी लागते. आल्प्समधल्या त्या उतारावर जवळपास दोन दशकांच्या मोजणीनंतर फिकट रंगांचे प्रमाण वाढत असल्याचे दिसले. मोजणीच्या मध्येच कोणी पांढरी झाडे नेली असती तर तो निष्कर्षच हाती आला नसता. आणखी एक युक्तिवाद असा की पांढऱ्याचे जनुक रंगीत शेजाऱ्यांत दडलेले असतेच, मग पांढरे नेले तरी बिघडले काय? जनुक राहील हे खरे. पण माशीला दिसणारा पांढरा फलक जाईल. आणि पुढच्या हंगामात त्याच जनुकातून दुसरे पांढरे उगवले की तेही न्यायला कोणीतरी येईल, कारण एव्हाना जागा माहीत झालेली असेल.

जागा माहीत झाली की काय होते, याचा इतिहास आपल्याच देशात लिहिला गेला आहे. निळ्या रंगाच्या वेडापायी खासी टेकड्यांवरच्या व्हँडा सेरुलिया या ऑर्किडाची जी लूट झाली, ती एकोणिसाव्या शतकातल्या सर्वांत ठळक लुटींपैकी एक आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम ग्रिफिथ यांना ही जात १८३७ मध्ये आढळली. १८५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर तिथे पोहोचले तेव्हा ओकच्या झाडांवर निळ्या फुलांचे झुबके लोंबत होते. हूकर यांनीच लिहून ठेवले आहे की सात माणसांना वाहावी लागतील इतकी झाडे त्यांनी क्यू येथील शाही उद्यानासाठी गोळा केली, आणि त्यांतली फारच थोडी इंग्लंडला जिवंत पोहोचली. दुसऱ्या एकाने पाठवलेल्या एका माणसाच्या ओझ्याला तीनशे पौंडांच्या आसपास भाव आला, हेही त्यांनी नोंदवले आहे. निळा रंग ऑर्किडांत दुर्मीळ, म्हणून एवढी किंमत. पुढे या जातीला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराने सर्वांत कडक यादीत घातले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींची जी अनुसूची आली तिच्या सहा नोंदींत निळा व्हँडा, लाल व्हँडा आणि पॅफिओपेडिलम अशा तीन नोंदी ऑर्किडांच्याच होत्या. तिघांचाही गुन्हा एकच, त्यांचा रंग किंवा आकार माणसाला अनावर झाला. २००५ मध्ये व्हँडा सेरुलियाला त्या कडक यादीतून थोडे खाली आणता आले, त्यामागे एक मोठे कारण म्हणजे लागवडीतून आलेली रोपे भरपूर उपलब्ध झाली. १९३१ मध्ये नोंदलेल्या 'रॉथ्सचाइल्डियाना' या संकराने निळ्या व्हँडाची हौस रोपवाटिकेतच भागवायला सुरुवात केली होती. जंगलाला जे शंभर वर्षांत सोसावे लागले, त्यातला बराचसा भार काचेच्या बाटलीत वाढवलेल्या रोपांनी उतरवला.

संग्राहकांचा सर्वांत जोरकस मुद्दा इथेच येतो. ते म्हणतात, आम्ही नेले नाही तर जंगल तुटेल, रस्ता होईल, वणवा लागेल, आणि ते अनोखे झाड कायमचे जाईल. आमच्या काचघरात ते वाचेल. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. अनेक जाती रानात संपल्यावर संग्रहांतच टिकल्या. पण वाचवण्यासाठी झाडच न्यावे लागते, हा काळ कधीच मागे पडला. ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, कधी लाखो बिया असतात, भुकटीसारख्या बारीक. त्यांच्यात साठवलेले अन्न नसते, म्हणून निसर्गात त्यांना विशिष्ट बुरशीची साथ लागते, हे नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये ओळखले. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर, बुरशीविना, बिया रुजवून दाखवल्या. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियम या ऑर्किडाच्या कोंबाच्या टोकावरून एकसारखी रोपे तयार करण्याची पद्धत मांडली. आज मॉलमधल्या रांगेत उभे असलेले फॅलेनॉप्सिस याच मार्गाने येते. तेव्हा वाचवायचेच असेल तर परवानगी घेऊन, फुलावर हाताने परागण करून, पिकलेल्या एका शेंगेवर काम भागते. झाड जिथल्या तिथे राहते. पांढऱ्याचे जनुक शेजाऱ्यांच्या बियांतही असल्यामुळे कित्येकदा पांढऱ्या झाडाला हातही लावावा लागत नाही. एवढे असूनही जो मूळ झाडच हवे असे म्हणतो, त्याला वाचवायचे नसते, मिरवायचे असते. रंगाची हौस भागवणारा बाजार किती पुढे गेला आहे ते पाहा. २०११ मध्ये अमेरिकेत निळ्या फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या विक्रीला आल्या. त्या पांढऱ्या झाडांत निळा रंग टोचून तयार केल्या होत्या, पुढचा बहर पांढराच येणार होता. जपानमध्ये केनीच्या कुळातल्या कॉमेलिनाचे जनुक घालून खरोखर निळसर फॅलेनॉप्सिसही घडवले गेले. टोचलेला रंग खरा म्हणून विकू नये एवढीच अट घातली, तर या कारागिरीला कोणाची हरकत असायचे कारण नाही. कारखान्यात रंग घडवता येत असताना रानातला रंग चोरण्याचे समर्थन मात्र उरत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वसामान्य माणसाचा असतो. एकच तर झाड, त्याने काय होणार? ऑर्किडांच्या बाबतीत एकाने फार होते. बी रुजल्यापासून पहिले फूल यायला अनेक जातींना वर्षानुवर्षे लागतात. उष्ण कटिबंधातल्या फसव्या ऑर्किडांत बहुतेक फुले फळ न धरताच गळून पडतात. झाडावर वाढणाऱ्या जातींत तर ज्या फांदीवर रोप बसले, ती फांदी, तिथली साल, तिथला ओलावा आणि तिथली बुरशी हे सगळे जुळून आलेले असते. सह्याद्रीतली सीतेची वेणी डोळ्यांपुढे आणा. मे संपून जून उजाडताना आंब्या-जांभळांच्या फांद्यांवरून तिचे तुरे लोंबतात, पांढरट पाकळीवर गुलाबी ठिपके, ओठावर गडद गुलाबी. याच जातीत निखळ पांढऱ्या तुऱ्याची झाडेही असतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेशाने या जातीला राज्यपुष्प केले आहे, आपल्याकडे ती रस्त्याकडेच्या झाडावर दिसते म्हणून तिचे अप्रूप कमी. ते झाड तोडले की फांद्यांवरची वेणीही ओंडक्यांबरोबर जाते. कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाल्यापासून फुले पाहायला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि त्यात आनंदच आहे. पण आजचा धोका हातातल्या मोबाइलमध्येही आहे. एखाद्या पांढऱ्या रूपाचा फोटो नेमक्या ठिकाणासह सर्वांना दिसू लागला की ते ठिकाण विकायला निघाल्यासारखेच होते. हूकर यांच्या वेळी बातमी पोहोचायला महिने लागत, आता ती संध्याकाळपर्यंत पोहोचते.

भारतात ऑर्किडांच्या साडेबाराशे जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या जवळपास चारशे जगात फक्त आपल्याकडे आहेत. त्यांपैकी किती जातींत पांढरी, पिवळी, गर्द रूपे आहेत आणि ती कीटकांशी कशी वागतात, याची मोजणी आपल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना सहज हाती घेता येईल. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. दर वर्षी त्याच जागी जाऊन रंग मोजणे, फळे मोजणे, एवढे पुरते, आणि ते पांढरे झाड पुढच्या वर्षी तिथे असले पाहिजे. वनविभागाने अशा जागांची नोंद स्वतःजवळ ठेवावी, फलक लावू नये. छायाचित्रकारांनी फोटोबरोबर ठिकाण टाकू नये. हौशी बागप्रेमींनी झाड घेताना ते रोपवाटिकेत वाढलेले आहे का, हे विचारावे. उत्तर टाळले गेले तर ते झाड घेऊ नये. आणि वाचकांना एकच विनंती. यंदा सीतेच्या वेणीचा पांढरा तुरा कुठे दिसला, तर मान वर करून मनसोक्त पाहा, हवा तेवढा वेळ थांबा, गावाचे नाव कोणाला सांगू नका, आणि पुढच्या जूनमध्ये तो तिथेच आहे का, हे पाहायला पुन्हा जा.